स्क्रीन लुकलुकते म्हणजे व्होल्टेजच, असं नाही

खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरालाय, कॉम्प्युटरची स्क्रीन मधनंच लुकलुकली की व्होल्टेज कमी पडतंय, स्टॅबिलायझर घ्या नाहीतर मॉनिटर जळतोय म्हणून. हे बरोबर नाही, आणि लोकं उगाच पैसे घालालेत याचं वाईट वाटतंय.

मॉनिटरच्या किंवा त्याच्या अ‍ॅडॉप्टरच्या पाठीमागचं स्टिकर वाचा की, बहुतेकांवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे २३० चं १९० झालं तरी तो चालतोय. लाइट सारखी जाते तिथं यूपीएस पाहिजेच, पण तो विषय वेगळा.

आधी मॉनिटरचंच बटण दाबून त्याचा मेनू काढा. मागचं चित्र लुकलुकतंय पण मेनू स्थिर असला तर मॉनिटर बहुतेक ठीक, केबल नाहीतर कॉम्प्युटरकडं बघा, मेनू पण लुकलुकला तर मग मॉनिटरवर संशय घ्या. एचडीएमआय केबल (कॉम्प्युटर नि मॉनिटर जोडणारी) दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा, जमलं तर शेजाऱ्याकडनं दुसरी मागून आणून लावून बघा.

विंडोज असलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, तो पण सगळ्याबरोबर लुकलुकला तर बहुतेक डिस्प्ले ड्रायव्हरचा (स्क्रीनवर चित्र दाखवायला लागणारं सॉफ्टवेअर) दोष, टास्क मॅनेजर तेवढा स्थिर राहिला तर एखाद्या अ‍ॅपचा. अपडेटनंतरच सुरू झालं असलं तर डिव्हाइस मॅनेजरमधनं ड्रायव्हर रोल बॅक करून, म्हणजे आधीचा परत आणून बघा.