‘चिप नाही, म्हणजे पीसी भंगारात’? आधी बायोस उघडून बघा

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय: ‘विंडोज ११ ला टीपीएम चिप लागते. जुन्या कॉम्प्युटरमध्ये ती नसते, विकत आणून बसवावी लागते. स्वतः चालू करायला गेलात तर डेटा उडतो. शिवाय ती तुमची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवते. नवा पीसी घ्या.’ तो वाचून आमच्या मजल्यावरचे एक आजोबा नौपाड्यातल्या एका दुकानात टॉवर घेऊन गेले आणि नव्या मशिनचं कोटेशन घेऊन परत आले. त्यांचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-५. टीपीएम, म्हणजे कुलूपबंद माहितीच्या डिजिटल किल्ल्या जपणारा सुरक्षेचा भाग, आतच होतं, फक्त बंद होतं. पेन्शनीतून जाणारा तो खर्च थोडक्यात टळला, म्हणून हे लिहितेय.

‘जुन्यात नसते’ हे सरसकट खरं नाही. २८ जुलै २०१६ नंतर बाजारात येणाऱ्या विंडोज १० च्या नव्या मॉडेल्ससाठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० बंधनकारक केलं होतं. घोळ होतो तो असेंबल केलेल्या मशिनमध्ये. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या अनेक पीसींच्या मदरबोर्डवर ही सोय बंदच ठेवून आलेली असते, आणि जोडणारा ती चालू करत नाही. आपलं काय आहे ते बघायला विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, ‘टीपीएम डॉट एमएससी’ इंग्रजीत टाइप करा (‘डॉट’च्या जागी टिंब). खिडकीत ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०’ दिसलं तर काम झालं. ‘कम्पॅटिबल टीपीएम कॅनॉट बी फाउंड’ आलं तरी घाबरू नका; बंद असलेलं टीपीएमही तसंच दिसतं.

‘विकत आणून बसवा’ यात तर लोकांचे पैसे जातात. घरगुती पीसीत टीपीएम बहुधा सुटी चिप नसतेच, फर्मवेअरमध्येच (मशिनमध्ये आधीपासून भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) असते. इंटेल तिला पीटीटी म्हणतं, एएमडी एफटीपीएम. मशिन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जच्या पडद्यावर) जा. आसुसच्या इंटेल बोर्डवर ते ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधल्या ‘पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन’खाली सापडतं, एमएसआयवर ‘ट्रस्टेड कॉम्प्युटिंग’मध्ये ‘सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट’ म्हणून. एनेबल करा, सेव्ह करून बाहेर या. सुटं मोड्यूल घ्यायची वेळ क्वचितच येते, आणि त्याच्या पिना बोर्डागणिक वेगळ्या असतात. दुसऱ्याच बोर्डचं घेतलंत तर ते बसणारच नाही.

डेटा उडण्याच्या भीतीत मात्र एक खरा कण आहे, आणि तोच मेसेजमध्ये नाही. टीपीएम नुसतं चालू केल्याने फायली जात नाहीत. धोका दोन ठिकाणी आहे. ‘क्लिअर टीपीएम’ला हात लावलात तर आतल्या किल्ल्या जातात, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा अडकला. म्हणून बायोसला हात लावण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती कागदावर उतरवा आणि बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करा. दुसरा धोका सिक्युअर बूटसाठी (मशिन फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच सुरू होऊ देणारी सोय) ‘सीएसएम’, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय, बंद करण्याचा. डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने आखलेली असेल तर विंडोज सुरूच होणार नाही, आणि लोकांना वाटतं सगळं गेलं. गेलेलं नसतं, सीएसएम पुन्हा चालू केलं की विंडोज येतं. डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीत बदलायला विंडोजचंच ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आहे, पण बॅकअप घेतल्याशिवाय ते वापरू नका.

माहिती पाठवण्याबद्दल: टीपीएमला स्वतःचं इंटरनेट नाही, ते फायली वाचत नाही. किल्ल्या जपणं आणि मशिन सुरू होताना काय काय लोड झालं त्याची नोंद ठेवणं, हे त्याचं काम. प्रत्येक टीपीएमची स्वतःची वेगळी किल्ली असते हे खरं, पण विचारणारं सॉफ्टवेअर असतं, टीपीएम आपणहून कुणाला काही सांगत नाही.

शेवटी ‘नवा पीसी घ्या’. विंडोज ११ च्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका, आणि साधारण त्यांच्यानंतरचे प्रोसेसर आहेत. त्याहून जुना असेल तर टीपीएम चालू करूनही अधिकृत अपग्रेड मिळत नाही, एवढं मेसेजवाल्यांचं मान्य. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरकर्त्यांना विस्तारित सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते.