ऑइल फिल्टर कोरडा बसवला तर इंजिन जाम होते का? खुलासा

पेरणीच्या तोंडावर कास्तकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतो आहे: 'नवा ऑइल फिल्टर तेलाने भरूनच बसवा, नाहीतर ट्रॅक्टरचे इंजिन जाम होईल.' ही भीती निराधार आहे. जुने तेल काढले तरी बेअरिंगवर तेलाचा थर राहतो आणि पंप काही सेकंदांत फिल्टर भरतो.

खरा धोका भरण्याच्या पद्धतीत आहे. नेहमीच्या पेचाच्या फिल्टरमध्ये तेल कडेच्या बारीक छिद्रांतून शिरते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या मोठ्या छिद्रातून इंजिनात जाते. मधूनच ओतलेले तेल न गाळताच बेअरिंगकडे पोचते. धुऱ्यावर, वाऱ्यात, उघड्या डब्यातून ओतले तर धूळही सोबत! कंपनीच्या पुस्तिकेत भरायला सांगितले असेल तर सीलबंद कॅनमधले तेल कडेच्या छिद्रांतून हळू भरा. आडवा बसणारा फिल्टर भरून उपयोग नाही, सांडतोच.

त्यापेक्षा जुनी रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बघा. दोन रिंगा एकावर एक आल्या की तेल बाहेर फेकले जाते, आणि इंजिन खरोखर जाते ते अशाने. नव्या रिंगला बोटाने तेल लावा. सुरू केल्यावर प्रेशरचा दिवा विझेपर्यंत रेस देऊ नका, मग बंद करून डिपस्टिकवर पातळी पाहा.