अळी लागते, मॅडम

आज संध्याकाळी डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

आमच्या घरामागे 'मुलांसाठी निसर्ग शिक्षण उद्यान' झालंय. हौसेनं लेकाला घेऊन गेले. शिरल्या शिरल्या फायबरचा जिराफ. (जिराफ! आपलं शेकरू काय वाईट होतं?) पायाखाली प्लास्टिकचं गवत. पुढे फुलपाखराच्या जीवनचक्राचा हा मोठ्ठा फलक: अंडं, अळी, कोश, फुलपाखरू. आणि त्याच फलकाखाली एक माणूस पाठीला पंप लावून ड्युरांटाच्या कुंपणावर औषध मारत होता. विचारलं, कशाला हो? "अळी लागते, मॅडम."

अहो, मग फलकावर दुसऱ्या नंबरला कोण आहे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीत लेकाला अळी सापडली. आधी वाटलं पक्ष्याची शीट. दिसतेच तशी, पक्ष्यांना फसवायला. सासूबाई झाडू घेऊन धावल्या, रोप त्यांनी बीपासून वाढवलेलं. हा मध्ये उभा. "आजी, ती जेवतेय ना!"

जेवली. अर्धं झाड जेवली. पुढे हिरवीगार झाली, आणि यानं बोट लावलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढून असा वास सोडायची की बास.

निसर्ग शिक्षण ते होतं. कुंडी केवढी, तर डालड्याच्या जुन्या डब्याएवढी. फुलांवर मध प्यायला फुलपाखरू कुठेही येईल, पण अंडी घालायला त्याला ठरावीकच झाड लागतं. लिंबू, कढीपत्ता, रुई, पानफुटी. २०१५ साली थाटात राज्य फुलपाखरू केलेलं आपलं नीलवंत, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातली पानं खातात. अख्ख्या बागेत यातलं एक झुडूप दाखवा. पानाला भोक दिसलं की यांना बाग बिघडली असं वाटतं. मला तर वाटतं, भोकं पडलेली पानं हीच बाग चालू असल्याची खूण.

लेकानं एक दगड उलटा केला, खाली वाणी किडा असेल म्हणून. लगेच शिट्टी! मातीत हात घालायचा नाही. घातला तरी धुवायला नळ नाहीच. आजी-आजोबांना बसायला बाक आहेत, सावली नाही.

हो, मान्य आहे, पाण्याचं डबकं केलं की डास होतात. गप्पी मासे सोडा. मान्य आहे, रुईचा चीक डोळ्यात गेला तर वाईट. मग तसं मुलांना सांगा, सांगितलं की कळतं त्यांना. मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर, जिथे १९७७ पर्यंत शहराचा कचरा पडायचा, तिथे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं केलंच ना लोकांनी? कचऱ्यावर जंगल होतं, आणि आमच्या चांगल्या काळ्या मातीवर प्लास्टिकचं गवत!

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. कोश फुटला त्या सकाळी सगळ्यात आधी त्याच उठल्या होत्या. पंख चुरगळलेल्या ओल्या रुमालासारखे, ते वाळेपर्यंत चहा गार करत बसून राहिल्या. आता त्या झाडाचं एक पान तोडू देत नाहीत, "कुणाचं तरी असेल."

तर शिट्टीवाले काका. मी तावातावानं बोलले, जरा जास्तच बोलले. ते शांतपणे म्हणाले, "मला नका बोलू ताई, मला सांगितलंय तसं करतो. रुई म्हणता ना, ती कंपाउंडच्या मागं उगवलीय. अळ्यापण आहेत, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. सोमवारी काढायला सांगितलीय."

मग काय बोलणार? सॉरी म्हणाले त्यांना.

उद्या रविवार. सकाळी सातला आम्ही तिघं मागच्या बाजूला जातोय, सासूबाईंनी आत्ताच बरणीच्या झाकणाला भोकं पाडून ठेवलीत. कुणाची पोरं येणार असतील तर सांगा. आणि रुई लावायला कुणाच्या अंगणात कोपरा असेल, तर तेही सांगा.