‘पायलीभर ज्वारीसाठी?’ : वडाळ्याच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

वडाळा बहिरोबा (ता. नेवासा) आणि आसपासच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांवर (मंडळी म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांचा उपासक-समाज, चर्च) मी लिहिलेल्या लेखाखाली एका वाचकाची, अर्थात बिननावाची, प्रतिक्रिया आली आहे. ती काढलेली नाही. थोडक्यात अशी: हा लेख म्हणजे मिशनच्या अहवालांची झेरॉक्स, दुष्काळात पायलीभर (पायली हे धान्याचं जुनं माप) ज्वारीसाठी बाटलेल्यांचा इतिहास तो कसला, मांग कुटुंबांबद्दल आणि बायकांबद्दल एक ओळ नाही, कॅथलिकांचं नाव नाही, सालं दोन ठिकाणी जुळत नाहीत, लेख लांबलाय. शेवटी ‘सत्य कटू असतं’ आहेच.

लांबीची तक्रार असणाऱ्यांनी इथेच थांबावं, कारण हेही लांबणार आहे.

आधी भाषेबद्दल. मुद्दा मांडा, कडक मांडा, माझी ना नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या पोटावर शेरा मारायचा, त्याला ‘सत्य’ म्हणायचं आणि सही न करता निघून जायचं, ही कुठली रीत? आमच्या घरात तीन पिढ्या मिशनशाळांतली मास्तरकी झाली. पायलीचं हे वाक्य आमच्याकडे कुणाला नवीन नाही. ते ऐकवणाऱ्यांपैकी मंडळीची नोंदवही उघडून पाहिलेला मात्र मला आजवर कुणी भेटलेला नाही. तुम्हीही पाहिलेली दिसत नाही.

एक गोष्ट मान्य. लेखात कुठे ‘वडाळा’ तर कुठे ‘वडाळे’ छापलं गेलं. अहवालांत दोन्ही रूपं येतात, पण वाचणाऱ्याचा घोटाळा होतो, कारण वडाळा महादेव नावाचं वेगळं गाव श्रीरामपूर तालुक्यात आहे. आता सगळीकडे ‘वडाळा बहिरोबा’ केलं आहे. झालं समाधान?

आता पायली. अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनऱ्यांचं मिशन, नगरला (आजचं अहिल्यानगर) आलं १८३१ मध्ये. नगरची पहिली मंडळी १८३३ ची. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून मिशनच्या मूळ संस्थेचा सचिव रूफस अँडरसन पाहणीला आला आणि धोरण पालटलं: शहरातल्या इंग्रजी शाळांवरचा खर्च कमी, खेड्यांत छोट्या छोट्या मंडळ्या, त्यांवर इथलेच पाळक (धर्मगुरू). हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांची पाळकदीक्षा त्याच सुमाराची. १८५७ पासून सॅम्युएल फेअरबँक हा मिशनरी वडाळ्याला राहायला लागला. (हा पक्ष्यांच्या नादाचा माणूस. पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात तो अजून आहे.) शिंगवे, चांदे, खोकर इथल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या याच काळात. तुमचा दुष्काळ सुरू होतो १८७६ ला. वडाळ्याचं ठाणं तोवर एकोणीस वर्षांचं झालं होतं. या एकोणीस वर्षांत पायली कोण वाटत होतं?

दुष्काळात आणि त्यानंतर संख्या वाढली, हे मी लेखातच लिहिलं आहे. ते वाक्य तुम्ही उचललंत आणि पुढचं सोडलंत. ती वाढ वाचायची कशी, हे पुन्हा एकदा सांगतो.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत प्रौढ आणि तान्ही मुलं एकाच अनुक्रमांकाखाली येतात. आधी ती वेगळी काढायची. एका बापानं बाप्तिस्मा घेतला की त्याच दिवशी त्याची तीन-चार मुलंही नोंदली जातात, आणि वरवर पाहणाऱ्याला पाच ‘धर्मांतरं’ दिसतात. मग सभासदांचं पुस्तक घ्यायचं. या मंडळ्यांत नुसत्या बाप्तिस्म्यानं प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा) हक्क मिळत नसे. उमेदवारी, मंडळीसमोर तपासणी, आणि मग सभासदांच्या मतानं प्रवेश, असा क्रम होता. म्हणून अहवालात तीन आकडे येतात: सभासद, बाप्तिस्मा झालेली मुलं, आणि नुसते येणारे-जाणारे. एका वर्षीचा सभासदांचा आकडा दुसऱ्या वर्षीच्या तिन्हींच्या बेरजेशी लावला, की कुठल्याही खेड्यात ‘लाट’ उसळते.

त्यानंतर शेऱ्याचा रकाना. ‘बदली’, ‘मयत’, ‘नाव कमी केले’. १८७७ ते १८८० मध्ये आत आलेल्या प्रौढांची यादी करा आणि दहा वर्षांनी त्यांतले कितीजण पुस्तकात उरले ते याच रकान्यावरून मोजा. धान्यासाठी आलेला माणूस पहिला चांगला पाऊस झाला की जातो. ‘नाव कमी केले’ची रांगच लागायला हवी. ही रांग कुठे दिसली तर मला दाखवा, मी छापीन. आकडा मी मुद्दाम देत नाही. तुम्ही मोजा.

हे करताना हात कुठे पोळतात तेही ऐका. चाळीस वर्षांच्या नोंदी एकाच अक्षरात, एकाच शाईत असतील, तर ती मूळ वही नव्हे. वाळवीनं खाल्लेल्या वहीवरून पुढच्या एखाद्या पाळकानं केलेली ती नक्कल असते आणि तीत ओळी गळतात. मूळ वहीत पाळक बदलला की अक्षर बदलतं, जुन्या सह्या मोडीत सापडतात. वयं वीस, पंचवीस, तीस अशी ठोकळ असतात, त्यांवर जन्मसाल काढू नये. आडनाव बहुधा नसतं, माणसाचं नाव, बापाचं नाव आणि गाव एवढंच. प्रोटेस्टंटांनी नावंही बदलली नाहीत, तेव्हा नुसत्या नावावरून ख्रिस्ती कोण आणि त्याचा भाऊबंद कोण ते कळत नाही. आणि गाव म्हणाल तर एका नगर जिल्ह्यात शिंगवे तुकाई नेवाशात, शिंगवे नाईक नगर तालुक्यात, शिंगवे केशव पाथर्डीत. लग्नाची नोंदवही जोडीला घ्यावी. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या छापील नमुन्यात वय, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि बापाचं नाव असे सुटे रकाने आहेत. माणूस पक्का होतो तो तिथे.

आता धान्याचंच बोलू. १८७६-७८ मध्ये लोक जगले ते मुख्यतः सरकारी कामांवर. धोंड (आजचं दौंड)-मनमाड रेल्वे, जी नगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाववरून जाते, ती दुष्काळी काम म्हणूनच झाली आणि १८७८ मध्ये सुरू झाली. दुष्काळाच्या पाहणीसाठी सरकारनं पाठवलेल्या सर रिचर्ड टेम्पलच्या सल्ल्यानं जानेवारी १८७७ मध्ये मजुरी उतरली, ती पुरुषाला दिवसाला पौंडभर धान्य आणि वर थोडी चिल्लर इथवर. तेव्हा मुंबई इलाख्यात हजारोंनी कामं सोडली. मातीची पाटी टाकायला धर्म विचारत नव्हते. मिशननंही मदत वाटली, ते मी नाकारलेलं नाही. पण त्या मदतीसाठी बाप्तिस्मा ही अट होती असं म्हणायचं, तर कागद दाखवावा लागतो.

आणि घेणाऱ्याला त्याची किंमत काय पडत होती? महारवाड्यातला माणूस ख्रिस्ती झाला की मेलेलं ढोर ओढायला नकार देई, देवळाच्या कामाला नकार देई, आणि लगेच बलुत्याचा प्रश्न उभा राही. १८५० च्या कायद्यानं धर्म बदलणाऱ्याचा वारसा शाबूत ठेवला होता, पण खळ्यावर बलुतं मोजायला तो कायदा येत नव्हता. पुढे १९३६ च्या आदेशानं ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेला, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानंतरही बाहेरच राहिला. म्हणून कित्येक घरांत मुलाचा बाप्तिस्मा मंडळीच्या वहीत आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’. १९५० नंतर मंडळीची यादी आणि जनगणना यांचा मेळ बसत नाही तो यामुळे. फायद्याचा हिशेब काढायचाच तर हा रकानाही धरा.

एकच फट तुम्हाला देतो: १८९९-१९०० चा दुष्काळ. त्या सुमाराच्या यादीत आईबापांच्या नावांचा रकाना कोरा असलेली मुलं ओळीनं सापडतात. ती अनाथालयांतली. त्या पोरांनी काही निवडलं नव्हतं, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, आणि त्यावर जरूर वाद घाला. पण ती नोंद अनाथालयाच्या बोर्डिंगची. खेड्यातल्या मंडळीच्या वहीतल्या प्रौढांना तिचा आधार देऊन पायली चिकटवता येत नाही.

बाकीचं भराभर. सालं जुळत नाहीत, कारण अहवालाचं वर्ष आणि घटनेचं वर्ष एक नसतं: डिसेंबरात स्थापन झालेली मंडळी पुढच्या वर्षी छापलेल्या अहवालात येते. लेखात दोन्ही सालं दिली आहेत, वाचली असतीत तर दिसली असती. कॅथलिकांचं म्हणाल, तर जेझुइट (कॅथलिक संघाचे धर्मगुरू) राहुरी तालुक्यातल्या केंदळला आले १८९२ मध्ये, आणि वडाळ्याचा लेख वडाळ्याबद्दल असतो. ‘झेरॉक्स’ म्हणता, तर मिशनच्या अहवालात ज्या भांडणांवर पांघरूण घातलं आहे ती मिशनच्याच ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत धुंडाळावी लागतात. १८४२ पासूनचे अंक आहेत ते, झेरॉक्स काढायला आधी हाताळावे लागतात.

मांग कुटुंबं आणि बायका, यांवर वेगळं लिहीन. प्रत्येक लेखात सगळं कोंबता येत नाही.

यापुढे प्रतिक्रिया देताना मंडळीचं नाव, वहीचं पान आणि नोंदीचा अनुक्रमांक लिहा. त्याशिवाय आलेली ‘कटू सत्यं’ इथे राहतील, पण उत्तर मिळणार नाही.