जंतू खाणारा जंतू खरा, बाकी मेसेज अर्धाकच्चा

‘अँटिबायोटिक्सचा जमाना संपला! जंतू खाणारे जंतू नुकतेच सापडलेत. जखमेतले सगळे रोगजंतू ते फस्त करतात, त्यांच्यापुढे कुठल्याच जंतूचा प्रतिकार चालत नाही आणि माणसाला काडीचाही अपाय नाही. औषध कंपन्यांनी हे दडपून ठेवलंय.’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. गंमत म्हणजे त्यातली सगळ्यात थाप वाटणारी गोष्ट, जंतू खाणारा जंतू, तीच खरी आहे.

पण ‘नुकतेच सापडलेत’? जर्मन संशोधक हाइन्ट्स श्टोल्प यांनी तो 1962 मध्ये पाहिला. शोधत होते ते जिवाणू मारणारे विषाणू. जिवाणू वाढवलेल्या ताटलीवर, जिथे विषाणूंनी ते मारलेत तिथे, डाग लवकर उमटतात आणि मग वाढायचे थांबतात. इथे डाग दोन-तीन दिवसांनी उमटले आणि पसरतच राहिले. त्या डागांत होता ब्डेलोव्हिब्रिओ, जिवाणूच खाणारा जिवाणू. ‘ब्डेला’ म्हणजे ग्रीकमध्ये जळू.

त्याची शिकार बघण्यासारखी असते. भरधाव पोहत येऊन तो भक्ष्याला धडकतो, चिकटतो, बाहेरच्या आवरणाला भोक पाडून आत शिरतो आणि भोक पुन्हा बंद करून घेतो. लांबट भक्ष्य फुगून गोल होतं. आत बसून शिकारी त्याला पचवत दोऱ्यासारखा लांब होतो, त्या दोऱ्याचे तुकडे पडतात आणि तीन-चार तासांत भक्ष्य फोडून पिल्लं बाहेर पडतात.

‘सगळे रोगजंतू’ हे मात्र साफ चूक. आत शिरून राहायचं तर भक्ष्याला दोन पडदे हवेत आणि मधे जागा हवी. म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच: स्युडोमोनास, क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर. भाजलेल्या जखमांत हीच मंडळी छळतात, आणि औषधांना दाद न देणारे त्यांचे प्रकारही हा खातो, कारण तो औषधाच्या वाटेने मारतच नाही. पण जखमेत तितकाच नेहमीचा असलेला, एकच पडदा असणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस त्याचं हक्काचं भक्ष्य नव्हे. त्याची बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, शिकाऱ्याच्या विकरांनी मोडते, असं प्रयोगशाळेत दिसलंय, एवढंच.

‘प्रतिकार चालत नाही’ यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त फसवं. अँटिबायोटिकला होतो तसा पिढीजात प्रतिकार इथे सहसा दिसलेला नाही. पण 2004 मध्ये शेमेश आणि युर्केविच या संशोधकांनी दाखवलं की शिकार संपल्यावरही काही भक्ष्यं जिवंत उरतात. ती शिकाऱ्याला दाद देत नाहीत, पण तेवढ्यापुरतीच. शिकारी काढून पुन्हा वाढवली की त्यांची प्रजा परत खाल्ली जाते. शिवाय भक्ष्य विरळ झालं की शिकाऱ्याला ते गाठणंच अवघड. वाघ जंगलातलं शेवटचं हरीण शोधत बसत नाही. आणि जखमेत उरलेले थोडे जंतू पुन्हा वाढायला पुरेसे असतात.

मग उरलेल्यांना कोण मारतं? आपल्याच पांढऱ्या पेशी. 2016 मध्ये शिगेला या जिवाणूची लागण केलेल्या झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांना हा शिकारी टोचला, तेव्हा जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 25 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेलं. पण पूर्ण फायदा मिळाला तो माशांची प्रतिकारयंत्रणा शाबूत असतानाच. उंदरांच्या फुप्फुसातली क्लेब्सिएला त्याने कमी केली. तीच रक्तात असताना शिरेतून दिलेला शिकारी फारसा उपयोगी पडला नाही. जखम उघडी असते, शिकारी थेट तिथेच टाकता येतो, म्हणून आशा आहे. मात्र जखमेतल्या स्रावात क्षार आणि प्रथिनं असतात, आणि रक्तद्रवातल्या प्रयोगांत त्याची शिकार मंदावलेली दिसली आहे.

अपायाचं म्हणाल तर आतापर्यंतच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो बऱ्यापैकी निरुपद्रवी ठरलाय, आणि त्याच्या आवरणातलं विषारी द्रव्यही सौम्य आहे. पण तो फोडतो त्या जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे जखमेतच पडतात, ते सौम्य नसतात. ‘काडीचाही अपाय नाही’ म्हणायला माणसांवरच्या चाचण्या लागतील.

दडपलंय म्हणावं तर हे सगळं उघडपणे छापलेलं आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा संस्थेने त्यावर पैसाही लावला होता. अडचण वेगळीच आहे: याला वाढवायला जिवंत भक्ष्य लागतं, म्हणजे औषध बनवायचं तर आधी दुसरा जंतू वाढवा आणि मग त्याचा मागमूस उरणार नाही इतकं गाळा.

माणसाच्या जखमेवर लावायला मान्यता मिळालेलं ब्डेलोव्हिब्रिओचं औषध आज नाही. मेसेज वाचून कुणी चालू अँटिबायोटिक बंद करायच्या विचारात असेल, तर जखमेच्या पुवाचा कल्चर रिपोर्ट (त्यात कुठला जंतू आहे ते सांगणारा) घेऊन आधी डॉक्टरांकडे जावं.