कितव्या मजल्यावर?

काल अंधेरी पूर्वेला एका बिल्डरच्या ऑफिसात मी इस्त्रीची सुती साडी नेसून लोखंडी शिडी धरून उभी होते. साडी डेमोसाठी होती. शिडीचा उल्लेख कुठल्याच ईमेलमध्ये नव्हता.

काम थोडक्यात असं. बिल्डरकडे गिऱ्हाइकांचं एक सॉफ्टवेअर आहे, सीआरएम. कोण आलं, कुठला फ्लॅट बघितला, किती भरले, किती थकले, ते त्यात. कागदांचं दुसरं, डीएमएस. अर्ज, पॅन, आधार, अलॉटमेंट लेटर, करारनामा, सगळं त्याच्या पोटात. दोघांचं आपसात बोलणं नाही. ते मी घडवून आणायचं. बुकिंग झालं की कागदांचा फोल्डर आपोआप उघडावा. करारनामा नोंदवून इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत आत पडली की सीआरएममधली गिऱ्हाइकाची स्टेज आपोआप पुढे सरकावी. शिवाय रेराचा, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याचा, नियम असा की नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, म्हणून तेवढे पैसे आले की पुढची पावती अडावी. कागदावर सगळं देखणं होतं. चौकोन, बाण, शेवटी हिरवा गोल.

डेमोत साहेब म्हणाले, "ते नमुन्याचं नको. खरं गिऱ्हाईक दाखवा. बी/१२०४."

इथे ती तिरकी रेघ बघा. फोल्डरच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, प्रश्नचिन्ह नाही, चांदणी (*) नाही, अवतरणचिन्ह नाही. रेघ दिसली की मशीनला वाटतं इथून आतला कप्पा सुरू. हे मी लेखी कळवलं होतं. सेल्सवाल्यांनी 'नोटेड विथ थँक्स' असं उत्तर दिलं आणि अख्खा प्रोजेक्ट रेघांसकट चढवला. परिणामी 'बी' नावाचा एकच फोल्डर तयार झाला आणि सगळी बी विंग त्यात एकत्र कुटुंब म्हणून नांदत होती. मी सर्च मारला. पण कागद सकाळीच चढवलेले, आणि नवा कागद शोधात सापडायला आधी त्याची शोधसूचीत नोंद व्हावी लागते, त्याला वेळ लागतो. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. साहेब चक्राकडे बघत होते आणि मी साहेबांकडे.

तेवढ्यात दाराशी उभे असलेले रेकॉर्डवाले काका म्हणाले, "बाराशे चार ना? आणतो की. मॅडम, जरा शिडी धरता? पोरगा चहा आणायला गेलाय."

साहेब म्हणाले, "जा, जा. त्यांची प्रोसेस पण कळेल तुम्हाला."

प्रोसेस समजून घ्यायची तर मी त्यासाठी वेगळे पैसे लावते. असो. गेले.

रेकॉर्ड रूम म्हणजे चारही भिंतींना छतापर्यंत रॅक. काका चप्पल काढून शिडी चढले, देवळात चढावं तसे. मी खाली, पदर खोचून.

"सगळं इतकं वर का ठेवता हो काका?"

"सव्वीस जुलै."

मुंबईत एवढं पुरतं. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि काकांच्या हिशेबाने त्यातला बराचसा याच खोलीत. खालच्या फळ्यांवरचे करारनामे त्यांनी नंतर गच्चीत दोरीवर वाळवले, चिमटे लावून. तेव्हापासून चालू गिऱ्हाइकं वर, ताबा दिलेली मध्ये, आणि तळाला दिवाळीची तोरणं व बुकिंग रद्द केलेले लोक.

"तुमचं कुठे असतं सगळं?" वरून प्रश्न आला.

"सर्व्हरवर."

"तो कुठाय?"

"डेटा सेंटरमध्ये. ऐरोली, महापे, त्या बाजूला बरीच आहेत."

"कितव्या मजल्यावर?"

मी या धंद्यात बरीच वर्षं आहे. डेटा सिक्युरिटीवाल्यांनी पानंच्या पानं प्रश्नावल्या भरून घेतल्यात माझ्याकडून. मजला कुणी विचारला नव्हता.

"काका, तसं नसतं ते. एका जागी नसतंच. दोन-तीन ठिकाणी प्रती असतात."

"म्हणजे झेरॉक्स."

"हं, तसंच."

"मग ओरिजिनल कुठलं?"

आता शिडी सोडून द्यावी असा विचार माझ्या मनात येऊन गेला. कारण हाच प्रश्न मी पहिल्या मीटिंगपासून विचारतेय आणि त्याचं उत्तर द्यायला कुणी तयार नाही. गिऱ्हाइकाचा पत्ता बदलला तर खरा पत्ता कुठला धरायचा, सीआरएममधला की करारनाम्यावरचा? सेल्स म्हणतं आमचा. लीगल म्हणतं आमचा. साहेब म्हणाले, "दोन्ही." दोन्ही म्हटलं की दुतर्फा सिंक. इकडे बदल झाला की तिकडे कळवायचं, तिकडे बदल झाला की इकडे. मग दोन विहिणी एकमेकींना आहेराचं पाकीट देतात तसं सुरू होतं: "घ्या हो", "नाही हो, तुम्हीच घ्या", मांडव उठला तरी संपत नाही. याने त्याला बदल कळवला, त्याने तो नवा बदल समजून परत कळवला, आणि दिवसाला मशीनला मशीनशी जितक्या वेळा बोलायची मुभा असते ती जेवणाच्या सुट्टीआधीच खलास. त्यावर उपाय असतो, बदल माणसाने केलाय की दुसऱ्या सॉफ्टवेअरने त्याची खूण ठेवायची. तो मी केला. पण 'खरा पत्ता कुठला' हे ठरवण्याचा उपाय माझ्याकडे नाही, आणि मी तो ठरवावा अशी सगळ्यांची मनापासून इच्छा आहे. ऑफिसातली वर्षानुवर्षांची भांडणं मिटवायला सॉफ्टवेअर घेतात लोक. भांडण मिटत नाही, तक्रारीच्या तिकिटाला माझं नाव लागतं.

"आणि नवरा-बायको दोघं असले तर?" काकांचं चालूच.

"दोघांची नावं घेतो ना."

"ते नाही. टीडीएस." काका एक पायरी उतरून माझ्याकडे वळले. "पन्नास लाखांचं किंवा त्याच्या वरचं घर असलं की घेणाऱ्याने एक टक्का कापून भरायचा. आता मुंबईत पन्नास लाखांच्या खाली काय येतं? पार्किंग. दोघं असले की दोघांचे वेगळे फॉर्म, दोन सर्टिफिकिटं. तुमच्यात जागा एकच आहे. मी बघितली."

त्यांनी बघितली होती! ज्या टेस्टिंगसाठी मी अर्ध्या ऑफिसाच्या विनवण्या केल्या, कॅलेंडरची निमंत्रणं पाठवली, ती फक्त यांनी केली होती, कारण यांना निमंत्रण नव्हतं. सेल्सने दिलेल्या यादीत 'टीडीएस सर्टिफिकेट: १' असं होतं. मी तेवढं केलं. एकाचं चढलं की दुसऱ्याचं येतं ते आधीच्याची नवी आवृत्ती म्हणून बसतं. नवऱ्यावर बायको, नाहीतर बायकोवर नवरा.

नावांचं तर बोलायलाच नको. या सॉफ्टवेअरांना पहिलं नाव असतं, आडनाव सक्तीचं असतं, आणि मधल्या नावाची जागा बऱ्याचदा मुद्दाम सुरू करून घ्यावी लागते. आपल्याकडे माणूस तीन मजली. त्यात राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगलाच निर्णय आहे, मला आवडला. पण ती मुलं फ्लॅट बुक करायला येतील तेव्हा फॉर्मवर जागा कोण वाढवणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे आत्ताच लिहून घेतलेलं बरं. 'छोटासाच बदल आहे मॅडम' या वाक्यावर माझे कित्येक रविवार गेलेत.

काका फाइल घेऊन उतरले. लाल नाडी, वर निळ्या शाईत नंबर. कॉन्फरन्स रूममध्ये साहेबांनी ती उघडली, एक पान बघितलं, बंद केली. त्यांना त्यातलं काही नको होतं. ती येते का एवढंच बघायचं होतं. "हे बघा," ते मला म्हणाले, "असं फास्ट पाहिजे." काका नम्रपणे छताकडे बघत राहिले. सीआरएम विकणाऱ्या सेल्सफोर्स कंपनीने सुरुवातीच्या काळात 'नो सॉफ्टवेअर' असा फुली मारलेला लोगो मिरवला होता. काकांनी तो छातीवर लावला असता तर अजिबात विसंगत दिसला नसता.

आता माझं बिल. ते निघतं साइन-ऑफनंतर, म्हणजे काम पुरं झालं असं त्यांनी मान्य केल्यावर. साइन-ऑफ साहेबांच्या मंजुरीने, आणि मंजुरी मी बसवलेल्या नव्या वर्कफ्लोनेच, असा त्यांचाच आग्रह. मंजुरीची सूचना मोबाइलवर जाते. साहेबांचे मोबाइल दोन, आणि ऑफिसचं मेल ज्यावर आहे तो गाडीत असतो, ड्रायव्हरजवळ. ओटीपी आला की ड्रायव्हर दुसऱ्या मोबाइलवर फोन करून सांगतो. एकदा घाईत त्याने स्वतःच 'अप्रूव्ह' दाबलं. ऑडिट लॉगमध्ये साहेबांचं नाव, तारीख, वेळ, सगळं चोख. त्या वेळी साहेब माझ्यासमोर बसून ढोकळा खात होते. हे मी लीगलला सांगितलं. लीगल म्हणालं, सिस्टिममध्ये आहे ना, मग झालं.

माझ्या साइन-ऑफच्या वेळी मात्र ड्रायव्हर एकदम जबाबदार झाला. "मोठी अमाउंट आहे मॅडम, साहेबांना विचारल्याशिवाय नाही दाबणार." स्टेटस पेंडिंग. दर दोन दिवसांनी रिमाइंडर जातं, मीच लावलंय ते, आणि त्याची एक प्रत मलाच येते. आज सकाळी ड्रायव्हरचा व्हॉट्सॲपवर अंगठा आला. तो मंजुरीत धरायचा का, हे लीगलला विचारलंय.