वाचायला नव्हे, विचारायला

टीमच्या विकीवरील माझ्या पानाच्या माथ्यावर काल कोणीतरी ठळक अक्षरांत ‘अडचण आल्यास यांना फोन करावा’ असे लिहून माझा मोबाइल क्रमांक टाकला. ते पान सर्व्हरचे सर्टिफिकेट, म्हणजे ब्राउझरला आमच्या साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, नवे कसे करावे याविषयी आहे. लेट्स एनक्रिप्ट ही संस्था ते फुकट देते; आमच्या सर्टिफिकेटची मुदत ९० दिवसांची असते, आणि ती संपते हा शोध आमच्या ऑफिसात दर ९० दिवसांनी नव्याने लागतो. सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम ते आपोआप नवे करतो खरा, परंतु साइट चालवणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड केल्याशिवाय, म्हणजे त्याला फायली पुन्हा वाचायला लावल्याशिवाय, जुनेच सर्टिफिकेट दाखवत राहतो. एवढ्यासाठीच तर तो सारा लेखनप्रपंच.

काल सकाळी एक ज्येष्ठ सहकारी एका हातात चहा आणि दुसऱ्या हातावर उघडा लॅपटॉप तोलत आले. पडद्यावर माझेच पान होते.

“सर्टिफिकेट नवं झालंय, पण ब्राउझर जुनंच दाखवतोय. काय करू?”

“चौथी पायरी पाहिलीत का?”

“पाहिली ना. एनजिनएक्स रीलोड करा, असं लिहिलंयस. पण म्हणजे नेमकं काय करायचं?”

“एनजिनएक्स रीलोड करायचं.”

“अस्सं! मग तसं स्पष्ट लिहायचं की!”

त्या वाक्याखालीच कॉपी करण्याजोगी आज्ञा दिलेली होती. तिच्यावर चहाचा कप ठेवल्यासारखे दुर्लक्ष करून त्यांनी ती मला तोंडी सांगायला लावली आणि एका बोटाने टाइप केली. “सुडो... पुढे स्पेस? सिस्टिमसीटीएल... कंट्रोल पूर्ण नाही लिहायचं?” काम होताच ते प्रसन्न झाले. “लिहितोस छान रे. पण तोंडी सांगितलं की कसं पटकन कळतं!”

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली मार्गदर्शिका ३ नोव्हेंबर १९७१ची. युनिक्सचे जनक केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तिच्यात आज्ञांचे दोष सांगण्यासाठी ‘बग्ज’ असे स्वतंत्र सदर ठेवले होते. प्रोग्रॅमच्या दोषांची सोय झाली. वाचकाच्या दोषांसाठी मात्र सदर नाही, आणि त्यामुळे ते आजतागायत लेखकाच्या खात्यावर जमा होत आले आहेत.

दुपारी मॅनेजरांचा निरोप आला, की डॉक्युमेंटेशन लोकांना समजत नसल्याने मी सर्वांसाठी केटी सेशन, म्हणजे माहिती समजावून देण्याची बैठक, घ्यावे. घेतले. सर्वांचे कॅमेरे बंद होते. शेवटी त्याच सहकाऱ्यांनी या सगळ्याचे लेखी टिपण मागितले, आणि मॅनेजरांनी ती सूचना उत्तम ठरवून माझ्याच नावावर टाकली. वार्षिक अप्रेझलच्या अर्जात अशा लेखनासाठी एक ओळही नाही. लिहिलेले न वाचता दुसऱ्याला विचारत फिरणाऱ्यांसाठी मात्र ‘शिकण्याची वृत्ती’ या शीर्षकाखाली गुण आहेत.